गजरे करणारी बाई

मनगटावरचं स्मार्ट घड्याळ माणसाची किती गुपितं बाहेर फोडतं, यावर मी संशोधन करते आणि सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तेच शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच असावी, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

वर्गात दाखवायला कुणाच्या तरी हाताच्या हालचालींची नोंद हवी होती. घरी अम्मा होती. भवानी पेठेतल्या आमच्या घरात माझी आई अजून रोज मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. त्याच विड्यांवर मी शिकले. कॉलेजात कुणी विचारलंच, तर आई घरीच असते, एवढंच मी सांगते.

आठवडाभरासाठी तिच्या उजव्या मनगटाला घड्याळ बांधलं. हात काय करतोय ते याला कळतं, असं तेलुगूत समजावलं. मग सगळ्यांना कळणार का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, तुझं नाव कुणाला सांगणार नाही.

वर्गात त्या नोंदीचा आलेख पडद्यावर लावला आणि ही व्यक्ती काय करत असेल ते ओळखायला सांगितलं. कुणी स्वयंपाक म्हणालं, कुणी शिवणकाम. नेमकं काम कुणाला ओळखता येणार नाही, अशी माझी खात्री होती. तेवढ्यात एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी मागच्या बाकावर उभी राहिली.

"मॅडम, ही बाई विड्या वळतीय. हात लई सावकाश चालतोय, पण विड्याच हायत. आमची आई रोज हेच करती की."

वर्ग फिदीफिदी हसला. एकानं विडी ओढायची नक्कल केली. मुलीचे कान लाल झाले, तरी ती माझ्याकडे बघत उभी होती. माझीही आई विड्या वळते, एवढं मी म्हटलं असतं तर हसणारे जागच्या जागी गप्प झाले असते.

"गजरे करणारी बाई आहे ती," मी म्हणाले.

मुलगी खाली बसली.

नाव फोडायचं नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम, तोच मी पाळला, असं रिक्षात स्वतःला बजावत आले. पण खोटं बोला, असं त्या नियमात कुठं आहे? मला आईची लाज वाटली होती आणि ती झाकायला मी त्या पोरीला उघडं पाडलं होतं.

घरी अम्मा सूप घेऊन बसली होती. हात झरझर चालत होता. घड्याळ कामाला आलं का, तिनं विचारलं. आलं म्हणाले. मग जरा दबकतच तिनं विचारलं, पोरांनी ओळखलं तर नाही ना?

"नाही."

तिचा चेहरा खुलला. "बरं झालं. तुला खाली बघायला लागू नये म्हणून आठवडाभर मी मुद्दाम सावकाश वळत होते. रोजच्या विड्या काही पुऱ्या झाल्या नाहीत बघ."