दोन बॅटऱ्या पोटाशी

सातपुड्याच्या पायथ्याला एक पाडा होता, पाड्यावर एक पिंगळा, म्हणजे चिमुकलं घुबड, होता, आणि त्याला शोधत एरंडोलहून आलेली एक नात आणि तिची आजी होती. नात म्हणजे आमची हर्षा. आजी मी. आता काय सांगू तुम्हाला माझं शहाणपण!

हर्षा फोटो काढते. तो पिंगळा मिळाला, तर एका कॅलेंडरवाल्याचं काम तिला लागणार होतं. नाही मिळाला, तर बापाच्या कापडदुकानात गल्ल्यावर बसायचं. बापानं बजावूनच पाठवलेलं.

पाड्यावर वीज नाही. थंडी अशी, की धूरसुद्धा चुलीपासून हलेना! निजताना हर्षा म्हणाली, "आजी, गारठ्यानं बॅटऱ्या उतरतात, आणि इथं चार्जिंग नाही. दोन्ही पोटाशी घेऊन नीज हं."

"नीज तू बिनघोर!"

आता आमच्याकडे बॅटरी म्हणजे काय? अंधारात खळ्यावर नेतो ती! एक आमची, एक ज्याच्याकडे उतरलो त्या घरधन्याची, दोन्ही लांबलचक, पत्र्याच्या. झाल्या ना दोन? घेतल्या कुशीत. उशाशी एक पिशवी होती, आत काळ्या वड्या. म्हटलं खाऊ असेल, मुंग्या लागतील. नेऊन ठेवली ओसरीत, पाण्याच्या माठावर!

सकाळी धुकं असं, की झाडं अजून स्वप्नातच उभी. आणि समोर सागाच्या फांदीवर मूठभर पिंगळा! हर्षानं कॅमेरा उचलला. कॅमेरा मिचमिचला आणि मिटला.

"आजी, बॅटरी दे!" ती कुजबुजली.

दिली.

"हे काय?"

"बॅटरी शे ना व माय! रातभर पोटले धरेल शे. दख, कशी ऊन लागस!"

"अगं कॅमेऱ्याची! काळ्या पिशवीतली!"

"त्या वड्या? त्या तं माठवर शेत!"

धावत जाऊन आणल्या. बर्फ नुसता! कॅमेरा डोळा उघडेना. पोरीचेच डोळे भरले. "गेलं, आजी. आता गल्ला."

"आण इकडे," म्हटलं. दोन्ही वड्या पोलक्यात घातल्या, वरून शाल ओढली आणि बसले. अंडी उबवावीत तशी. धुकं अंगावरून हळू हळू वाहत होतं. पिंगळा टक लावून माझ्याकडे बघत होता, एका बाळंतिणीनं दुसऱ्या बाळंतिणीकडे बघावं तसा. माझाही डोळा लागला असेल. वाटलं, आत कुणीतरी चोच मारतंय.

ती चोच नव्हती, हर्षाचं बोट होतं. "आजी, दे आता!"

एकच फोटो निघाला. कॅमेरा पुन्हा मिटला, पिंगळा उडाला. पण तो एक काय आला म्हणता! काम लागलं, आणि बाप आता गिऱ्हाईकाला कापडाआधी कॅलेंडर दाखवतो.

तेव्हापासून हर्षा कुठंही निघाली की आधी मला गाडीत बसवते. मी बठ्ठ्या गल्लीत, घरोघर सांगत सुटले, नातीला माझ्यावाचून करमत नाही!

परवा ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "नाही गं, थंडीची काळजी नाही. बॅटऱ्या ठेवायची गरम पिशवी आहे माझ्याकडे. नऊवारी."