मोटारीमागची मरीगाडी

मी पदवीची परीक्षा पास झालो आणि तेव्हापासून अप्पांनी मला रागावणं सोडून दिलं.

आमच्या घराण्यात मराठी चौथी ओलांडलेला मी पहिलाच. अप्पा बैलगाड्या करणारे सुतार. मिरजेकडून पोटासाठी कुंदगोळला आले, तिथल्याच शाळेत मी शिकलो. पुढे मला धारवाडच्या कॉलेजात घातलं तेव्हा मुलाच्या जवळ असावं म्हणून त्यांनी आपलं बस्तान जुन्या हुबळीत हलवलं. मी त्यांनी केलेल्या गाड्यांवर बसूनच पदवीपर्यंत पोहोचलो, असं म्हणायला हरकत नाही. लहानपणी रंधा वाकडा धरला की पाठीत धपाटा बसे आणि वर चार शब्द ऐकावे लागत. पण पदवी मिळाली, धारवाडच्या एका हायस्कुलात मी गणित आणि शास्त्र शिकवू लागलो, आणि अप्पा एकदम बदलले. मी घरी गेलो की हातातलं काम ठेवून उभे राहायचे. मी काहीही बोललो तरी "बरं" म्हणायचे. माझ्याशी "तुम्ही बसा", "तुम्ही घ्या" अशी भाषा सुरू झाली. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "अप्पा, यंदा पाऊस खालून वर पडणार आहे म्हणे." ते म्हणाले, "असेल. तुम्ही वाचलं असेल."

आई हसून लोळली. मला मात्र ते फार लागलं. शिक्षणानं मला पुष्कळ दिलं, त्याबद्दल मी जन्मभर कृतज्ञ आहे. पण त्यानं माझे रागावणारे अप्पा नेले, आणि ते मला परत हवे होते.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची, पेट्रोल सहज मिळत असे तेव्हाची. धारवाडात आमच्या शेजारी एक डॉक्टर राहत. एकटा जीव, आनंदी स्वभाव, आणि जवळ एक जुनी उघडी मोटार. सरकारी लिलावातून त्यांनी एक राहुटी आणली होती. सुटी लागली की ते आम्हां नवरा-बायकोला आणि आमच्या लहान मुलीला मोटारीत घालून हल्याळच्या रस्त्याला एका तळ्याकाठच्या आमराईत न्यायचे. तिथं राहुटी ठोकून तीन-चार दिवस मुक्काम. चुलीवर स्वयंपाक, तळ्यात अंघोळ, दुपारी झाडाखाली झोप.

सगळं छान होतं, फक्त सामान कुठं ठेवायचं ते कळत नसे. राहुटीचे बांबू मोटारीच्या दोन्ही अंगांना भाल्यांसारखे बाहेर निघत. पिठाचा डबा माझ्या मांडीवर, कंदील मुलीच्या हातात, आणि शेगडी सौभाग्यवतींच्या पायांखाली. एकदा केलगेरीच्या वळणावर ताकाचं मडकं डॉक्टरांच्या पाठीवर रिकामं झालं. तेव्हा सौ. म्हणाली, "मोटारीला मागून एखादी छोटी गाडी बांधता येणार नाही का? सासरे एवढे गाड्या करणारे, आणि मी शेगडीवर पाय ठेवून बसते!"

मला ते फारच पटलं. सामानही बसेल, आणि त्या निमित्तानं अप्पांबरोबर चार दिवस काम करायला मिळेल. काम करताना ते बोलतील, कुठं चुकलो तर ओरडतील, असा माझा अंदाज होता.

फक्त एक गोष्ट मी उलटी केली. अप्पांकडे मोकळ्या हातानं जायचं सोडून मी आठ दिवस खपून गाडीचा नकाशा काढला. लांबी-रुंदी फूट-इंचांत, बाजूला तरफेचा नियम आणि आकडेमोड. दोन चाकांना जोडणारा आस मी साट्याच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, बरोबर मध्यावर दाखवला. मध्यावर आस असला की दोन्हीकडे वजन सारखं, आणि मोटारीवर भार शून्य. हा शोध माझा मलाच इतका आवडला की मी त्याच्याखाली लाल शाईची रेघ मारली.

अप्पांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्या लाल रेघेवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"हे असंच करायचं?"

"तुम्हांला कसं वाटतं?" असं मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, सगळं गणित करून पाहिलंय."

"बरं," अप्पा म्हणाले.

काम सुरू झालं. भंगारातून मोटारीची दोन जुनी चाकं आणली, लोहारानं आस आणि पुढची कडी करून दिली. मी शनिवारी-रविवारी हुबळीला जाऊन फळ्या धरायला बसत असे. अप्पांचे हात बघणं हाच एक आनंद होता. पण बोलणं नाही. एकदा माझा खिळा वाकडा गेला, तर त्यांनी तो मुकाट्यानं उपटून दुसरा मारला. मला वाटलं, नकाशा अचूक असणार, नाहीतर एवढा जाणता माणूस गप्प कसा बसला असता? गल्लीतली पोरं जमत. मोटारीमागं जायचं ते गाडीचं पिल्लू, म्हणून कानडीतला 'मरी' शब्द घेऊन त्यांनी तिचं नाव 'मरीगाडी' ठेवलं. अप्पांनी तिला हिरवा रंग दिला आणि अंगावर काहीच न कोरता सोडली. बाकी प्रत्येक गाडीच्या दांडीवर ते आपली खूण म्हणून छिन्नीनं एक छोटं कमळ कोरत. हिच्यावर ते नव्हतं. मी पाहिलं, पण विचारलं नाही.

नाताळच्या सुटीत डॉक्टर मोटार घेऊन जुन्या हुबळीत आले. मरीगाडी मागं अडकवली. आम्ही आई-अप्पांनाही चला म्हणालो. अप्पा म्हणाले, "घर सोडून झाडाखाली निजायला? ते तर गाडीवाले रोज करतात." पण डॉक्टरांचा आग्रह पडला, आणि शेवटी अप्पा, "आसाला वंगण घालायला कुणी तरी लागेल," असं पुटपुटत हत्यारांची पिशवी घेऊन पुढच्या बाकावर बसले. सामान सौ.नं लावलं. राहुटी, तांब्याचा पाण्याचा हंडा, तांदूळ, सगळं जड ते मागच्या बाजूला, म्हणजे उतरल्यावर फळी उघडून लगेच हाताशी येईल.

उणकलच्या तळ्यापर्यंत आम्ही अगदी मिरवत गेलो. अमरगोळ मागं पडलं आणि चढ लागला. मोटारीचा मागचा भाग कुणीतरी वर उचलतंय असं वाटू लागलं. मग खाड्‌कन आवाज झाला, मोटार एकदम हलकी होऊन पुढं पळाली, आणि मुलगी टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, पिल्लू सुटलं!"

कडी आकड्यातून वर निसटली होती. मरीगाडी तोंड आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला टेकून रस्त्यात बसली होती. हंडा गडगडत उताराला लागला होता, त्याच्यामागं कांदे, आणि कांद्यांमागं मी. कडक भाकऱ्यांची चळत मात्र न फुटता चाकासारखी घरंगळत कडेच्या चरात गेली. तेवढ्यात जोंधळ्याच्या कडब्याची गाडी घेऊन एक शेतकरी आला. त्यानं बैल थांबवले.

"एनातरी?" काय झालं हो, त्यानं विचारलं. मग मान कलती करून मरीगाडीकडे पाहिलं आणि क्षणात निकाल दिला, "हिंद भाळ भार आगेद!" मागं फार वजन झालंय. गाडी उलाळ, म्हणजे मागं जड, झाली आहे, हे त्या माणसाला आपल्या गाडीवरून खाली न उतरता कळलं. मग त्याची नजर अप्पांकडे गेली आणि त्यानं घाईनं हात जोडले. त्याची स्वतःची गाडी अप्पांच्याच हातची होती. तो चक्रावून कानडीत म्हणाला, "अप्पा, ही तुम्ही केलेली?"

डॉक्टर बघत होते. आई बघत होती. अप्पा खाली मान घालून म्हणाले, "होय. माझा अंदाज चुकला. वय झालं."

पन्नास वर्षांत त्यांची एक गाडी कधी उलाळ झाली नव्हती. आणि माझी पदवी झाकायला ते आपली आयुष्यभराची कीर्ती रस्त्यावर टाकायला निघाले होते. माझ्या हातात चार कांदे होते. ते तसेच धरून मी मोठ्यानं म्हणालो, "चूक अप्पांची नाही. आस मध्ये मी घ्यायला लावला. नकाशा माझा होता."

"तुम्ही गप्प बसा," अप्पा म्हणाले.

"नाही बसणार. सगळं गणित माझं होतं. ते तर फक्त बरं म्हणाले."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

"मग कशाला काढलंस असलं गणित? दांडीवर वजन नको म्हणे! अरे, बैलाच्या मानेवर थोडं ओझं कशाला ठेवतात? बैलाचा सूड घ्यायला? पुढं जड नसेल तर गाडी वर तोंड करणार नाही तर काय करणार? सुताराच्या पोटी जन्मलास आणि एवढं कळत नाही? शाळेत पोरांना काय शिकवतोस, कांदे गोळा करायला?"

"पण मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस? कागद पुढं टाकलास. खाली लाल रेघ! मला वाटलं, मोटारीचं शास्त्र वेगळं असेल. शिकलेल्या माणसाला मी काय सांगू?"

"आणि मला वाटलं, तुम्ही गप्प आहात म्हणजे बरोबर असेल."

चरातून भाकऱ्या वेचत आई म्हणाली, "बाप मुका, लेक बहिरा. आणि भोगायचं कुणी? भाकऱ्यांनी." डॉक्टरांना हसू आवरेना. शेतकऱ्याला मराठी नीट कळत नव्हतं, पण बापलेकाचं भांडण कळायला भाषा लागत नाही. तोही कडब्यावर बसून मजेत ऐकत होता.

"पालथी करा," अप्पांनी हुकूम सोडला. डॉक्टर, मी आणि शेतकरी, तिघांनी मिळून मरीगाडी उलटी केली. अप्पांनी पिशवीतून पाना काढला आणि आसाचे बोल्ट सैल केले. मग छिन्नीच्या टोकानं साट्याच्या खालच्या लाकडाला चार ठिकाणी टोचलं. रंगाखालून सागवानाच्या चार खुंट्या निघाल्या. त्या काढल्या, तर आत चार तयार भोकं. आस वीतभर मागं घेऊन बसवायला अगदी मापात.

एका भोकात बोट घालून मी म्हणालो, "म्हणजे तुम्हांला आधीच..."

"मला आधीच काय ते विचारू नकोस. पाना धर. असा नव्हे, असा!"

अर्ध्या तासात आस मागं गेला. जड सामान सौ.नं आता पुढं लावलं. शेतकऱ्यानं उचलून दिलेली दांडी मोटारीवर टेकली ती जरा दाबूनच बसली. नंतर आमराईपर्यंत मरीगाडी शहाण्या वासरासारखी मागून आली. वाटेत अप्पांचं तोंड थांबलं नाही. डॉक्टरांनी खड्डा चुकवला नाही म्हणून त्यांनाही दोन शब्द मिळाले.

आमराईत पोहोचल्यावर मरीगाडी मोटारीपासून सोडली. दांडी सरळ राहावी म्हणून खाली एक टेकू हवा होता. अप्पांनी एक वाळकी फांदी आणि करवत माझ्या पुढ्यात टाकली. स्वतः दगडावर बसले.

पहिला तुकडा कापला. "आखूड."

दुसरा कापला. "वाकडा. करवत आहे ती, खडू नव्हे. ओढताना जोर लाव, ढकलताना नको."

सौ. चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ ठेवू लागली. मी म्हणालो, "थांब जरा, आमचं रागावणं चाललंय."

तिसरा तुकडा कापायला मला बराच वेळ लागला. घाम पुसत मी तो दांडीखाली उभा केला, गाडी हलवून पाहिली, आणि या खेपेला विचारलं, "अप्पा, बरोबर आहे का?"

ते उठले. वाकून टेकूच्या बुडाशी पाहिलं, एक डोळा मिटून दांडी पाहिली.

"एक सूत कमी आहे," ते म्हणाले. "पण इथली जमीनच वाकडी. चालेल."