आतल्या कडीचं कलम

आमच्या समितीला बसायला दिलेली खोली पूर्वी जुन्या फायलींची होती. खिडकी एकच, तीही कपाटाने झाकलेली. एसी चालू म्हणून दार बंद, आणि दार बंद म्हणून चहाचा, घामाचा, धुळीचा वास आतल्या आत. काम काय, तर शहराचे नळजोडणीचे आणि गॅसजोडणीचे नियम सुधारायचे. पाइपचा गॅस घरोघर येऊ घातलाय आणि आमचे नियम अजून पितळी तोट्यांच्या काळातले. समितीत मी एकटी बाई, त्यात पदाने सगळ्यात लहान. म्हणून मसुदा लिहायचा तो मी, आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या.

बाथरूममधल्या गॅस गिझरचं कलम आलं आणि तिथे माझं घोडं अडलं. गिझर बाहेर बसवावा, हवा खेळती असावी, धुराला वाट असावी, हे सगळ्यांना मान्य होतं. मी त्यात एक ओळ घातली: गिझर आत असेल त्या बाथरूमला आतून कडी नसावी. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, तसा भला माणूस. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि खोलीत हशा पिकला. एकाने विचारलं, मॅडमचं माहेर कुठलं? शिंगणापूर म्हटल्यावर तर विचारूच नका. आता सगळ्या नगरची दारं काढणार का, म्हणे. मीही हसले. हसावंच लागतं. आतून अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

त्यांना काय सांगणार, कपाळ? आमच्या गावात घरांना दारं नसतात हे जगाला ठाऊक आहे, पण न्हाणीचं कुणी विचारत नाही. आमच्या न्हाणीलाही दार नव्हतं, नुसता पडदा. म्हणून घरात रीत अशी की बाहेरच्याने आवाज द्यायचा आणि आतल्याने ओ द्यायची. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता विचारायची, हायेस का गं? डोळ्यांत साबण गेलेला असला तरी मी हाय म्हणायचे. ओ नाही आली की आई पिठाच्या हातानेच पडदा सारून आत. तेव्हा लई वैताग यायचा मला.

लग्न होऊन नगरला, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये आले आणि पहिल्याच आठवड्यात आंघोळीला जाताना कडी लावायची विसरले. सासूबाईंनी दार ढकललं, मला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. नंतर पाहुण्यांत तो किस्सा कितीदा सांगितला असेल, देवच जाणे. मी कडी लावायला शिकले. पण ती सरकवली की अजूनही छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं होतं.

आणि आमचा गिझर आतच. वर एक छोटी झडपांची खिडकी आहे, ती सासूबाई थंडी सुरू झाली की प्लास्टिक लावून बंद करायच्या. मी काढायचे, त्या लावायच्या. नवरा दोघींच्या मध्ये पडत नसे, पेपरात डोकं घालून बसायचा. कोंडलेल्या हवेत गिझर जळला की विषारी वायू साचतो, त्याचा वास येत नाही, माणूस झोपल्यासारखा जातो, हे मी सासूबाईंना किती परीने सांगून पाहिलं. निदान कडी तरी लावू नका म्हटलं. तेव्हा त्या टॉवेल खांद्यावर टाकून शांतपणे म्हणाल्या, "माझ्या घरात मी कडी लावूनच आंघोळ करणार. शिंगणापूर तुझं माहेर आहे, माझं नाही."

पुढच्या बैठकीत माझी ओळ खोडली गेली. वर लोकांना त्रास नको म्हणून जुन्या जोडण्यांना सूट मिळाली. म्हणजे आमच्या घरचा गिझर नियमात बसला, आणि ते वाक्य टाइप केलं मी. ऑफिसात माझं चालेना, घरात चालेना. त्या दिवशी घरी येऊन आंघोळीला गेले, कडी लावली, आणि पाणी सोडून नुसती उभी राहिले.

जानेवारीतली सकाळ होती. मी डबे भरत होते. सासूबाई आंघोळीला गेलेल्या. पाणी पडत होतं, पण नुसतंच पडत होतं. तांब्याचा आवाज नव्हता. मी हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. नवऱ्याला ओरडून बोलावलं, दोघांनी धडका दिल्या. कडी मेली तुटली नाही, चौकटीतले स्क्रू उपटून आले तेव्हा दार उघडलं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे अर्धे उघडे, ओळख कसलीच नाही. चादरीत गुंडाळून आम्ही त्यांना गॅलरीत ओढत आणलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं. थोडा उशीर झाला असता तर नातेवाइकांना फोन करावे लागले असते, असं डॉक्टर म्हणाले.

शेवटच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मॅडम, घरचं दुःख कलमात घालता येत नाही." मसुदा वर जायला तयारच होता. मी सही केली.

घरी नवऱ्याने गिझर गॅलरीत हलवला, खिडकीचं प्लास्टिक फाडून टाकलं. सुतार चौकट दुरुस्त करायला आला तेव्हा मी त्याला कडी नको म्हणून सांगितलं. आतल्या खोलीतून, अंथरुणातून, क्षीण आवाजात हुकूम आला: कडी बसवा. त्याने नवी बसवली, पहिलीपेक्षा जाड. मी ओट्यापाशी तोंड फिरवून रडले, रागानेच रडले.

बऱ्या झाल्यावर सासूबाई पहिल्यांदा आंघोळीला निघाल्या. कपडे घेतले, आत गेल्या, कडी लावली. मी हातातलं काम टाकून दाराबाहेर उभी राहिले. काय करावं कळेना. तेवढ्यात आतून आवाज आला, "आहेस का गं?"

तेव्हापासून रोज हेच. त्या आत, कडी लावलेली, आणि मी बाहेर स्टूल टाकून बसलेली. ओ द्यायला उशीर झाला तर त्या जास्त मोठ्याने विचारतात. तिकडे ऑफिसची वेळ होऊन गेलेली असते, फोन वाजत असतो, आणि मला उठता येत नाही. पाणी पडतं, तांब्या वाजतो, मग पुन्हा आवाज येतो. मी म्हणते, हाय.