विटकरी गोधडी

आमची ही आता सुईला हात लावत नाही. तुम्ही विचाराल का, म्हणून सांगतो.

ही कापड गिरणीत तपासणीला होती. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून दिवसभर कापड सरकायचं आणि ही त्यातला तुटका धागा, गाठ, डाग पकडायची. गिरणीत तिला 'दुर्बीण' म्हणत. घरात मी तसं म्हणत नसे, तेवढी छाती नव्हती माझी.

निवृत्त झाल्यावर तिने दोन उद्योग धरले. घरी गोधड्या शिवायच्या आणि गावोगावची गोधड्यांची संग्रहालयं पालथी घालायची. मी जन्मभर बस चालवलेला माणूस, वाटलं आता तरी घरी पाय पसरून बसू. कसलं काय! ही पुढे, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मी मागे. काचेला नाक लावून ही टाके मोजायची आणि राखणदार "बाई, जरा मागे सरका" म्हणून दमायचा. हौस होतीच, खोटं कशाला बोलू? एखादा सुबक टाका दिसला की घरी येऊन चार दिवस तोच घालत बसायची. पण खरं कारण मला ठाऊक होतं. ती आईची गोधडी शोधत होती.

सासूबाईंनी ती पोरांच्या शाळेच्या कपड्यांची शिवली होती. मधोमध सासऱ्यांच्या कामावरच्या शर्टाचा तुकडा, अख्ख्या खिशासकट. ही आणि हिचा भाऊ त्या खिशात एकमेकांच्या पेन्सिली लपवायचे. सासूबाई गेल्या, त्यांची खोली आवरायला घेतली, तर गोधडी गायब. भावाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, कपाटातून एक कोरीकरकरीत विटकरी गोधडी काढून हिच्या हातात दिली. "वन्सं, आईंनी ही तुमच्यासाठी ठेवलीय. एवढंच बोलल्या मला."

झालं! हिने सगळ्या नातेवाइकांसमोर तोंड सोडलं. "नवी माझ्या गळ्यात मारून जुनी लाटलीस. चोर आहेस तू, चोर!" वहिनी बिचारी नुसती "नाही हो, नाही हो" करत राहिली.

चौदा वर्षं बोलणं बंद. भाऊ वारला तेव्हा ही गेली, त्याचं तोंड पाहिलं आणि वहिनीकडे पाठ करून परत आली. मी शेजारी उभा होतो, एक शब्द बोललो नाही. त्याची मला आज लाज वाटते. "विकून मोकळी झाली असेल," ही म्हणायची, "सापडेलच कुठल्या तरी संग्रहालयात." आणि ती विटकरी गोधडी चौघडी करून इस्त्रीच्या टेबलावर टाकलेली. चौदा वर्षं माझे शर्ट तिच्यावर कडक झाले.

गेल्या हिवाळ्यात एका संग्रहालयाने लोकांना आपापल्या गोधड्या दाखवायला बोलावलं. हिने दीड वर्ष खपून शिवलेली एक निवडली आणि वाटेत धूळ लागू नये म्हणून विटकरीत गुंडाळून घेतली. तिथल्या जाणकार बाईंनी हिची गोधडी पाहिली, "टाके छान आहेत हं" म्हणाल्या आणि बाजूला ठेवली. मग विटकरी उचलली. "ही एवढी जड कशी?" काचेच्या टेबलावर ती पसरून त्यांनी खालचे दिवे लावले.

विटकरी कापडाच्या आतून चौकोन दिसू लागले. मधोमध खिसा.

"जुनी विरली म्हणून तिच्यावरच नवं कापड घालून शिवलंय," बाई म्हणाल्या. "कुणी शिवली हो?"

असं शिवतात हे काय हिला माहीत नव्हतं? तिने स्वतः दोनदा शिवलंय तसं. पण रागापायी या गोधडीवरून तिने कधी साधा हात फिरवला नव्हता. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अहो, मला आत्ताच्या आत्ता वहिनीकडे न्या."

दार भाचीने उघडलं. "आत्या, फार उशीर केलास गं. आई आता मलासुद्धा ओळखत नाही."

पण हिला पाहताच वहिनी पलंगावरून उठली. हात जोडले. "वन्सं, चुकले मी. तुमची गोधडी मीच चोरली. कुठे ठेवली तेच आठवत नाही हो."

"अगं नाही गं! माझ्याकडेच होती. ही बघ, ही बघ ना!" हिने गोधडी तिच्या मांडीवर टाकली, उसवून आतला खिसा दाखवला. वहिनीने पाहिलं आणि बाजूला सारली. "ही नाही. ती मी चोरली." आणि लहान पोरासारखी रडायला लागली. ही तिचे पाय धरून रडत होती, आणि ती हिची माफी मागत होती.

सात-आठ वेळा गेलो आम्ही. दर वेळी तेच. समजवायला जावं तर वहिनी आणखी घाबरते, जेवण टाकते, रात्रभर कपाटं उपसते. शेवटी भाचीनेच हात जोडले. "आत्या, तिला हवं ते बोल एकदा. हाल बघवत नाहीत गं."

मग ही वहिनीच्या शेजारी बसली. "बरं," म्हणाली, "तू चोरलीस. मी माफ केलं तुला."

वहिनीने डोळे पुसले, दोन घास खाल्ले आणि शांत झोपली.

पुढच्या खेपेला ती सगळं विसरलेली असते. मग हिला पुन्हा तेच म्हणावं लागतं.