नवरदेव ब्लर, मामा क्लिअर!

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या माणसाजवळ वर्षाच्या शेवटी काय उरतं? किस्से! व्हिडिओ आपण ज्याचा त्याला देऊन मोकळे होतो. फजित्या मात्र आपल्याच नावावर जमा राहतात, आणि चार दोस्त भेटले की एकातून एक निघत जातात.

आमचे दोस्त म्हणजे तिघंच. अकोल्याचे गजूभाऊ, अमरावतीची प्रणाली आणि मी विजय, अमरावतीचाच. मध्ये मूर्तिजापूर पडतं म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून तिथल्या एका हॉटेलात बसतो. आलूबोंडा येतो, त्यावर तर्री येते, आणि वाद सुरू: फोटोच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढताना ऑटोफोकस पाहिजे की नको?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोटोत चेहरा एकदा साफ आला की काम फत्ते. व्हिडिओतला माणूस मात्र चालतो, वळतो, वाकतो. त्याचा चेहरा सतत साफ ठेवायचा, तर लेन्सवरची रिंग हातानं फिरवत राहा, नाहीतर ऑटोवर टाकून कॅमेऱ्यावर भरवसा ठेवा. गजूभाऊ रिंगवाले. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी ऑटोचं बटन शिवलेलं नाही. प्रणाली पक्की ऑटोवाली. मी जो समोर बसला असेल त्याच्या बाजूचा!

"नवरी कोन अन् करवली कोन, हे मशीनले काय समजते वं प्रणाली?" गजूभाऊंचं हे ठरलेलं वाक्य.

"तुमाले तरी कुठं समजते भाऊ? मागच्या खेपेस नवरी समजून करवलीच्या मांगं मांडवभर फिरले होते!"

*

पहिली फजिती माझीच सांगतो, म्हणजे बाकीच्यांची सांगायला तोंड राहील.

बार्शीटाकळीचं लग्न. भर दुपारचा मुहूर्त, मंगलाष्टकं सुरू. मी कॅमेरा नवरदेवाच्या तोंडावर धरला आणि ऑटोवर टाकला. हा कॅमेरा चेहरा ओळखून त्याच्यावरच फोकस ठेवतो. आता नवरदेवाच्या चेहऱ्यासमोर मुंडावळ्यांच्या लडी. आणि त्याच्या मागं उभे त्याचे मामा. फेटा, मिशा, परातीएवढा हसरा चेहरा! कॅमेऱ्यानं जास्त विचार केला नाही. उन्हात मला स्क्रीन धड दिसत नव्हती, म्हणून मीही केला नाही.

आठ दिवसांनी नवरदेवाचा फोन. "विजूभाऊ, माह्या लग्नात मी कुठं हाओ?"

"काहून, काय झालं?"

"अंतरपाट धरला तवा मामा. हार घातला तवा मामा. मी नुसता धुक्यावानी दिसून राहिलो!"

मी माफी मागणार, तेवढ्यात कोणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला. मामाच होते. "त्याचं काई आयकू नका भाऊ. फस्क्लास झाली शूटिंग. तुमच्या कॅमेऱ्याले मानूस समजते!"

*

हा किस्सा ऐकून गजूभाऊ आठवडाभर हसले. पण त्यांचं हसणं फार टिकलं नाही.

गजूभाऊंनी पन्नाशी ओलांडली, तरी चष्मा लावायला तयार नव्हते. "फोकस डोयात नसते, बोटात असते," म्हणायचे. अकोल्यातलं एक अख्खं रिसेप्शन त्यांनी याच बोटांनी शूट केलं. कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर त्यांना सगळं ठीकच वाटलं.

मग नवरीच्या घरी सगळं खानदान जमलं, मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लागला. गजूभाऊंना मानानं सोफ्यावर बसवलेलं. पाच मिनिटं झाली, सगळे डोळे चोळायला लागले. सगळे चेहरे दुधावरच्या सायीसारखे!

शेवटी नवरीची आजी बोलली. "बंद कर वं ते. पुढच्या हप्त्यात माह्या डोयाचं ऑपरेशन हाय. ते झालं की मंग पाहीन, साफ दिसन."

नातू म्हणाला, "आजी, आमाले बी असंच दिसून राहिलं."

आजी घाबरली. "अवं माय! मंग साऱ्याइचंच ऑपरेशन करा लागते!"

दुसऱ्याच दिवशी गजूभाऊंनी चष्मा केला. प्रणालीनं मूर्तिजापूरला विचारलंच, "आता कसं भाऊ? ऑटोपेक्षा चष्मा बरा?"

"बराच हाय," गजूभाऊ म्हणाले. "चष्मा मॅन्युअल असते!"

*

अचलपूरजवळच्या एका खेड्यात नामदेवबाबा म्हणून नव्वदीचे आजोबा होते. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं नातवंडांनी ठरवलं. काम माझ्याकडं आलं.

तेव्हा माझ्याजवळ एक जुनी लेन्स होती. ऑटोवर टाकली की आतली मोटार घरघर करायची. मांडवातल्या बँडपुढं ते कोणाला ऐकू जाणार! पण इथं आवाज साफ यावा म्हणून मीच पंखा बंद करवला होता, दारं लावून घेतली होती. खोलीत अगदी शांत. बाबांनी घसा खाकरला, "तर तवा आमी लहान होतो..." आणि पुढं वाकले. लेन्सनं फोकस शोधला.

घुर्रर्र.

बाबा थांबले. माझ्याकडं पाहिलं. पुन्हा सुरू केलं, "तर तवा आमी..."

घुर्रर्र.

"सुनबाई!" बाबांनी आत हाक मारली. "पयले या पोराले वाढ. त्याचं पोट बोलून राहिलं."

"बाबा, पोट नाई, ही लेन्स हाय. हिच्यात मोटार असते..."

"लेन्स असो का आतडं, उपाशी मानसापुढं मी बोलत नाई."

काय करता! ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, वरून ताक. दीड भाकरीवर मी हात आखडला, तर बाबांनी स्वतः अर्धी आणखी टाकली. हात धुऊन मी पुन्हा कॅमेऱ्यामागं आलो आणि गुपचूप ऑटो बंद केलं. रिंग हातानं फिरवत बसलो. बाबा तासभर बोलले. शाळा, विहीर, पहिली बैलजोडी, गेलेली बायको. एकदाही अडखळले नाहीत.

शेवटी मी कॅमेरा बंद केला तेव्हा बाबांनी माझ्या पोटाकडं बोट दाखवलं.

"पाह्य! झालं का नाई बंद?"

*

प्रणालीचा पण एक आहे. तो ती स्वतः सांगत नाही, म्हणून मला सांगावा लागतो.

नांदगाव खंडेश्वरला एका शाळेच्या मुख्याध्यापिका रिटायर होत होत्या. वानखडे मॅडम. जिल्हाभर पसरलेले विद्यार्थी आले होते. कोणी तहसीलमध्ये, कोणी दवाखान्यात, कोणी शेतीत. मॅडमच्या शिस्तीचे किस्से सांगून सगळ्यांनी सभा हसवली. मग मॅडम स्वतः बोलायला उठल्या.

बोलताना मॅडमना हलायची सवय. त्यांच्या तोंडासमोर माइक. प्रणालीचा कॅमेरा तेव्हा नवीन होता, सेटिंग अजून तिच्या हातात बसली नव्हती. मॅडम डावीकडं झाल्या की माइक साफ. उजवीकडं झाल्या की मॅडम साफ. माइक, मॅडम, माइक, मॅडम! वीस मिनिटांच्या भाषणात फोकस झोक्यासारखा पुढं-मागं.

प्रणालीनं व्हिडिओ पाठवताना सोबत लांबलचक माफी लिहिली. मॅडमनी पूर्ण भाषण पाहिलं आणि तिला फोन केला.

"प्रणाली बेटा, रडू नकोस. नोकरीभर मी वर्गात एकच गोष्ट सांगत आले, लक्ष एका जागी ठेवा."

"हो मॅडम."

"तुझा कॅमेरा माझ्या शाळेत उशिरा आला!"

*

आणि म्हशीचं तर सांगायचंच राहिलं!

लग्नाआधीचं शूटिंग होतं, नवरदेवाच्या शेतात. नवरा-नवरी हातात हात घालून तुरीच्या कडेनं चालतायत. मागं गोठ्यापाशी म्हैस बांधलेली. प्रणालीचा कॅमेरा आता इतका हुशार, की जनावराचा डोळासुद्धा ओळखतो. नवरा-नवरीनं नेमकी कॅमेऱ्याकडं पाठ केली, आणि म्हशीनं मान वर करून पाहिलं.

झालं! पुढचा अख्खा शॉट पाहा. पुढं दोन धूसर जीव एकमेकांत गुंतलेले, आणि मागं म्हैस, पापणीच्या केसासकट साफ!

कच्चा व्हिडिओ दोन्ही घरी पाहायला पाठवला होता, आणि प्रणाली तो शॉट काढून टाकणार होती. तेवढ्यात नवरीच्या वडिलांचा तिला फोन आला. "तो शेतातला व्हिडिओ कापू नका बरं ताई."

"आवडला काका?"

"आमच्या घरी साऱ्याइले पाह्याचा हाय. पोरीले दूधदुभत्याचं घर भेटलं म्हनून!"

*

आता शेवटचा. हा मूर्तिजापूरच्या टेबलावर अजून कोणी काढलेला नाही. गजूभाऊ समोर असतात ना!

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मयूरीचं लग्न झालं. एकुलती एक पोरगी. स्टुडिओतच वाढलेली, बाराखडीआधी तिला लेन्सची नावं पाठ झाली होती. शूटिंग प्रणालीनं आणि मी करायचं ठरलं. गजूभाऊंनी अंगात नवा सदरा घातला, कन्यादान केलं, पंगतीत आग्रह केला, सगळं बापासारखं केलं. दुपारी पोरीला निरोप द्यायची वेळ आली, तसे माझ्यापाशी आले.

"दे इकडं कॅमेरा."

"भाऊ, आम्ही हाओ न."

"दे म्हनलं न."

मयूरीची आई, मालतीवहिनी, धावत आल्या. "अवो, आजच्या दिवस तरी बाप व्हा! कॅमेरा काय घेता?"

गजूभाऊ खाली पाहून म्हणाले, "कॅमेरा हातात असला की मले रडू येत नाई वं. इतक्या मायबापाइचं रडनं काढलं म्या. एकदा तरी हात हालला काय?"

वहिनी बाजूला सरल्या. मी कॅमेरा दिला. त्यांनी तो हातात घेतल्या-घेतल्या ऑटो बंद केलं, चष्मा पुसला, डावा हात रिंगवर ठेवला आणि मांडवाच्या दारात, गाडीच्या वाटेवर जाऊन उभे राहिले.

मयूरी आईच्या गळ्यात पडली. मग आत्याच्या, मग मावशीच्या. एकेकीला सोडवत सोडवत ती गाडीकडं निघाली, म्हणजे बापाच्या कॅमेऱ्याकडंच. बँडवाले थांबले होते. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. इतकी माणसं, पण मांडवात चूंसुद्धा नाही.

मी गजूभाऊंच्या बाजूलाच होतो. त्यांची बोटं रिंगवर होती, पण फिरत नव्हती. चष्म्याची काच आतून ओली झाली होती. त्यांनी एकदा मान झटकली. डोळे मिचकावले. पुन्हा रिंग धरली. मयूरी चार पावलांवर आली.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तो कॅमेरा ऑटोवर टाकून बटन अर्धं दाबलं, की चेहरा सापडल्याबरोबर बारीक आवाज करतो. हातानं फोकस करणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून तो आवाज कधी येत नाही.

त्या शांततेत तो आला.

पिक्!

प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं. मी मांडवाच्या छताकडं पाहिलं. मयूरी जागच्या जागी थांबली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक लाल, आणि ओठ एकदम हसायला लागलेले.

"बाबा," ती म्हणाली, "ऑटो?"

गजूभाऊंनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही.

"समोर पाह्य बेटा," ते म्हणाले. "समोर पाह्य."