पाच जणांच्या यादीतला सहावा

"इथं काहीतरी सुटलंय, बेन."

टायपिंगवाले काका हे वाक्य मान वर न करता म्हणायचे. डाव्या हातात कागद, उजव्या हातात पेन्सिल. पेन्सिलचं मागचं टोक ओळीखालून सरकत असायचं आणि जिथं ते थांबायचं तिथं हे वाक्य यायचं. बाई असली तर 'बेन', पुरुष असला तर 'भाई'. समोर बसलेला लगेच कागदावर वाकायचा, कारण काकांची पेन्सिल उगाच कधी थांबत नसे.

डहाणूत तहसील कचेरीच्या रस्त्याला त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, झेरॉक्सचं मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. तुमच्याही गावात कचेरीसमोर असा एखादा टायपिस्ट असेल. पण तुमचा टायपिस्ट टाईप केलेला अर्ज वाचून दाखवतो का? हे दाखवायचे. तलासरीकडून, झरीकडून, कुठल्या कुठल्या पाड्यांवरून माणसं यायची. अर्ज मराठीत व्हायचा, मग काका तो ज्याचा त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मराठी नीट कळत नसेल तर गुजरातीत, नाहीतर त्याच्या बोलीत. "तुझ्या नावानं आत काय चाललंय ते तुला ठाऊक पाहिजे ने?" मगच अंगठा. मागचं गिऱ्हाईक घड्याळ बघून चरफडायचं. काका ढिम्म.

नवा पालघर जिल्हा झाला त्या वर्षी बाकीच्या टायपिंगवाल्यांच्या फॉर्मवर कितीतरी महिने 'जिल्हा ठाणे' तसंच राहिलं होतं आणि लोकांना फुकटचे हेलपाटे पडत होते. काकांच्या एकाही कागदावर ते सापडलं नाही. "माझा कागद कचेरीतून परत नाही येत," ते म्हणायचे. ही फुशारकी नव्हती. पाड्यावरचा माणूस दोन गाड्या बदलून येतो, एका अक्षरासाठी त्याला परत पाठवलं की त्याचा अख्खा दिवस बुडतो. म्हणून तर लोक बाजूची रिकामी दुकानं सोडून काकांच्या बाकड्यावर ताटकळत बसायचे. लोकांचा तेवढा विश्वास, ही एकच गोष्ट त्या माणसापाशी होती.

मी तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवायचे. बारावीला सी प्लस प्लस. लॅबमध्ये कॉम्प्युटर अकरा, चालणारे सहा, आणि त्यांच्यावर निळ्या पडद्याचं जे सॉफ्टवेअर होतं ते बाहेरच्या जगानं केव्हाच सोडून दिलेलं. वीज गेली की तास संपला. पोरं प्रोग्रॅम पाठ करायची, कवितेसारखे. समजून घ्यायला वेळ कुणाला होता? मला तरी कुठं होता! त्या वर्षांत मी सदानकदा दमलेली असायचे. घरी वाणगावला सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. कॉलेज सुटलं की दुसरी पाळी सुरू. मी चिडकी झाले होते, हे सरळ सांगून टाकते.

त्यातल्याच एका वर्षी प्रॅक्टिकलचे बावीस प्रोग्रॅम मी हातानं लिहून काकांकडे टायपिंगला दिले. मला स्वतः टाईप करता आले नसते का? आले असते. कंटाळा, दुसरं काय!

दुसऱ्याच दिवशी काका लॅबच्या दारात. चपला बाहेर काढून आत आले.

"बेन, अडाण्याचा प्रश्न आहे. विचारू?"

"विचारा."

"काउंटमधला एन सगळीकडे राहिलाय."

"तो काउंट नाही हो, सी-आउट आहे. पडद्यावर दाखव, असं सांगायचं असतं."

"हां. आणि हा अर्ज कुणाच्या नावे?"

"अर्ज नाही काका, प्रोग्रॅम आहे तो."

"पण मागणी तर आहे ने? हे कर, ते दे. मग वर कुणाचं नाव नको?"

किती दिवसांनी मी हसले असेन! मग त्यांना मशीनसमोर बसवून थोडं समजावलं. तेव्हापासून कचेरी जेवायला सुटली की काका यायचे. रोज एक अडाण्याचा प्रश्न. आणि उत्तर मिळालं की ते आपल्या भाषेत बसवून घ्यायचे. वर 'इन्क्लूड' लिहितात ती सोबत जोडलेली कागदपत्रं. व्हेरिएबल आधी जाहीर करावं लागतं, म्हणजे ते झालं प्रतिज्ञापत्र. 'व्हॉइड' म्हणजे निरंक. "कचेरीत रकाना मोकळा नाही सोडत, बेन, निरंक लिहितात. तुमची भाषा कचेरीतच शिकलेली दिसते." मी वर्गात व्हॉइडला निरंक म्हटलं मात्र, दाखल्यांचे फॉर्म भरून भरून पिकलेली आमची पोरं एका झटक्यात समजली. इतकी वर्षं मी घसा कोरडा करत होते!

शून्यानं मात्र त्यांना दोन दिवस छळलं. मोजणी शून्यापासून का?

"पहिल्या घरापासून किती घरं पुढं जायचं, ते मोजतात," मी म्हटलं. "पहिल्याच घरी जायचं असेल तर किती घरं ओलांडायची? शून्य."

काका बोटांवर मोजत राहिले. "म्हणजे यादी पाच जणांची असली तर शेवटच्याचा नंबर चार."

"बरोबर."

"अडाण्याला पटलं," असं म्हणून खूश होऊन गेले. खरं सांगते, माझ्या हुशार पोरांनाही ते इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

आणि मग तो सतरावा प्रोग्रॅम. साधाच होता, पाच विषयांच्या मार्कांची यादी पडद्यावर दाखवायची. मी सहामाहीचे पेपर तपासत होते, गठ्ठा संपता संपत नव्हता, घरून दोन फोन येऊन गेले होते. काका आले आणि उभ्या उभ्या पेन्सिल लावून म्हणाले, "बेन, इथं काहीतरी सुटलंय. नाही, सुटलं नाही, उलट जास्त झालंय. यादी पाचाची आहे, आणि ही फेरी बघा ने…"

"काका, आहे तसं टाईप करा हो! तुम्ही डोकं नका चालवू!"

लॅबमध्ये मुलं होती. एकदोघं फिसकन हसली. काकांनी पेन्सिल खिशाला लावली, "चालेल" म्हणाले आणि गेले. त्यानंतर प्रश्न विचारायला आले नाहीत.

आठवड्यानं टाईप केलेला संच आला, खाली माझी हातानं लिहिलेली पानं टाचून. मूळ प्रत ज्याची त्याला परत द्यायची, हा त्यांचा नियम. मी ती पानं ड्रॉवरमध्ये टाकली आणि संचाच्या झेरॉक्स वाटून मोकळी झाले. सतराव्यापर्यंत आम्ही लॅबमध्ये पोचलोच नाही. पोरांनी तो कागदावरून पाठ केला.

प्रॅक्टिकलला परीक्षक बाहेरून आले. चौघांना सतराव्या प्रोग्रॅमची चिठ्ठी निघाली. चौघांनी तो घडाघडा टाईप केला. पडद्यावर पाच मार्क आले आणि त्यांच्याखाली आणखी एक आकडा, उणे चिन्हाचा, हजारांतला, कुणाच्या घेण्यात ना देण्यात. प्राचार्य तिथंच उभे होते. परीक्षकांनी विचारलं, "चौघांची एकच चूक? असं शिकवलंय का कुणी?"

मी संच हातात घेतला आणि मला तिथल्या तिथं दिसलं. फेरी, म्हणजे लूप, आकडा 'पाचापेक्षा लहान' असेपर्यंत चालायला हवी होती. मी लिहिलं होतं, 'पाचापेक्षा लहान किंवा बरोबर'. ओट्याशी उभी राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता लिहिलं होतं, तेही आठवलं. शून्य ते पाच म्हणजे सहा फेऱ्या. काका हेच सांगत होते.

मी म्हणाले, "टायपिंगमध्ये गेलंय, सर."

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. परीक्षक समंजस होते, त्यांनी मुलांचं फार काही कापलं नाही. पण प्राचार्य क्लार्ककडे वळून म्हणाले, "त्या काकांकडे आता कॉलेजचा एक कागद जाता कामा नये." नोटिसा, प्रश्नपत्रिका, वेळापत्रकं, सगळं दुसरीकडे गेलं. काम गेलं ते गेलं, बातमी कचेरीच्या रस्त्यावर पोचली. डहाणू ते केवढं! ज्या बाकड्यावर लोक अक्षर चुकू नये म्हणून ताटकळायचे, त्याच बाकड्यावर बसून बोलायला लागले, काकांना आता दिसत नाही, कॉलेजच्या पोरांचं नुकसान केलं म्हणे. मग हळूहळू ते बाजूच्या दुकानात जाऊन बसायला लागले.

तिसऱ्या दिवशी काका लॅबमध्ये आले. चपला बाहेर, हातात संचाचं ते पान.

"बेन, मूळ प्रत असेल ने तुमच्याकडे? जरा पडताळून बघू."

"शोधावी लागेल, काका. कुठं ठेवलीय आठवत नाही."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

"बरं," ते म्हणाले. "मग मला ते चालवून दाखवा."

त्यांच्या पानावरून मी प्रोग्रॅम टाईप केला, चालवला. पाच मार्क आले, खाली तो आकडा आला.

"हा सहावा कोण?"

"कुणी नाही. यादी संपल्यावर मशीनमध्ये पुढं जे काही पडलेलं होतं, ते उचलून आणलंय."

"दुसऱ्याच्या घरात शिरून?"

"हो."

"आणि मशीन काहीच बोललं नाही? एक सेमिकोलन राहिला तर किती कटकट करतं!"

"नाही बोलत. ही भाषा तशीच आहे, काका. सांगाल ते करते. विचारत नाही."

काका पडद्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मी विचारलं होतं, बेन."

एवढंच. आवाज चढवला नाही, मुलांकडे वळून काही सांगितलं नाही. मी पडदा बंद केला. ते चपला घालून गेले.

मी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे जाणार होते. खरंच जाणार होते हो! दुसऱ्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. मग पेपर तपासणी आली. मग वाटलं, आता निकालानंतरच सांगू. मग वाटलं, इतक्या उशिरा सांगितलं तर म्हणतील, तेव्हा का नाही बोललीस. माणूस दमलेला असला की त्याला कारणं फार चटकन सापडतात. कचेरीचा रस्ता मी सोडून दिला, मागच्या गल्लीनं जायला लागले. लाज वाटत होती, आणि लाजेचाही कंटाळा आला होता. ती पानं अजून माझ्याकडे आहेत. फाडून टाकायचंही धाडस झालं नाही.

वर्षा-दीड वर्षात दुकान बंद झालं. काकांचे डोळे खरोखरच गेले, काचबिंदूनं. लोक म्हणाले, बघा, आम्ही म्हणतच होतो. ते लेकीकडे झरीला राहायला गेले असं कळलं. प्राचार्य निवृत्त झाले, नवे आले. नव्यांना काका कोण हेही ठाऊक नव्हतं.

पुढं निवडणुकीत माझी ड्युटी नेमकी झरीला लागली. आदल्या दिवशी दुपारी आम्ही शाळेत सामान उतरवलं आणि पाणी मागायला मी मागच्या घरात गेले. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या भागात जमीन सारखी हादरत होती, लोक घराबाहेर झोपायचे. उन्हाळा आला तरी त्या अंगणात अजून ताडपत्री बांधलेली होती. तिच्या सावलीत खाटेवर काका बसले होते. मला वाटलं, पाणी न घेताच परत फिरावं. पण मी त्यांच्या लेकीशी बोललेलं त्यांनी ऐकलं होतं.

"बेन? कॉम्प्युटरवाल्या बेन ने?"

मी खाटेजवळ जमिनीवरच बसले. एकदा हवापाण्याचं सुरू केलं असतं तर पुन्हा राहून गेलं असतं, म्हणून एका दमात बोलून टाकलं. "काका, ती चूक माझी होती. माझ्या अक्षरातली. तुमचं टायपिंग बरोबर होतं आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

लेक चहाचा कप घेऊन आली होती. ती तिथंच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

त्याच पावसाळ्यात काका गेले, ही आमची शेवटची भेट. मला वाटलं होतं, रागावतील, किंवा 'जाऊ द्या' तरी म्हणतील. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

"ते तर मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मला वाटलेलं, सकाळी कॉलेजला जाताना तुम्ही दुकानात याल. निकाल लागेपर्यंत रोज लवकर उघडत होतो."