स्क्रॅप म्हणजे काय गो?

लग्न होऊन रोह्याला निघाले तेव्हा बाबा रडले नाहीत. "नखातला काळा रंग काढ गो, सासरची मानसं बघतील," एवढंच म्हणाले. तो रंग गणपतीच्या डोळ्यांचा होता. हमरापूरच्या आमच्या मूर्तींच्या कारखान्यात हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत डोळे मीच आखत होते.

रोह्यात दोन खोल्या आणि नवऱ्याची कंपनीतली शिफ्ट. त्यांच्या तोंडून एक शब्द सारखा ऐकू यायचा. वाकलेला पाइप स्क्रॅप, जुनं टेबल स्क्रॅप. म्हणजे भंगारच ना, मी विचारलं.

"भंगार मोडकं असतं," ते म्हणाले. "स्क्रॅप कधी कधी धडधाकट असतं. कंपनीला नको झालं की स्क्रॅप."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हमरापूरला माझ्या पाटावर आता धाकट्या भावाची बायको, सुमन, बसत होती. फोन केला की बाबा तिचंच कौतुक करायचे: "सूनबाईचा हात बसला हो!" माझा हात कसा होता, हा विषय कुणी काढत नव्हतं.

श्रावणात माहेरी गेले. सुमनने नुकतेच डोळे आखलेली मूर्ती पुढे ठेवली. "ताई, कसं झालंय?"

डोळे माझ्याहून सुंदर होते. अंगाची नुसती लाही झाली.

"स्क्रॅप आहे," मी म्हणाले.

"स्क्रॅप म्हंजे काय गो?" बाबांनी विचारलं.

"नको असलेली वस्तू."

सुमनने ओल्या फडक्याने दोन्ही डोळे पुसले आणि पाटावरून उठली. "आता तुमीच आखा."

मी बसले. एक डोळा कसाबसा झाला, मग ब्रश पुढे जाईना.

"सुमन, ते चांगले होते गं. मी खोटं बोलले."

"ठाव हाय मला."

"मग पुसलेस कशाला?"

"सकाळधरनं तुमी नुसत्या उभ्या व्हत्या. बसायला काय तरी कारण नको?"

बाबा पाठमोरे होऊन मातीला हात लावत राहिले.

माझ्यासारख्या लांब गेलेल्यांना खरं सांगते, हेवा गेलेला नाही. आजही श्रावण लागला की मी रोह्यात बसून जळते. पूर्वी तिच्या हातावर जळायचे, आता मनावरही. पण माहेर म्हटलं की घर, अंगण काही आठवत नाही. आपलं चांगलं काम पुसून मला जागा करून देणारी ती आठवते.